खर्चाचा वाद आणि बाळंतिणीचा हक्क

बाळंतपणाची रजा नाकारल्याचे लेखी पत्र सहसा कोणाच्या हाती पडत नाही. नकार येतो तो तोंडी. ‘प्रोजेक्ट ऐन मोक्यावर आहे, जरा विचार करा’, ‘तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात’, ‘कंत्राट मार्चला संपतंय, मग रजा कशाची?’, ‘सध्या राजीनामा द्या, बाळ जरा मोठं झालं की परत घेऊ’. बोलणारा पुष्कळदा सौजन्यानेच बोलतो, कधी काळजीच्या सुरात. ऐकणारी सातव्या महिन्यात असते, घरावर कर्जाचा हप्ता असतो आणि पुढच्या नोकरीसाठी याच ऑफिसचे अनुभवपत्र लागणार असते. ती राजीनामा लिहून देते, त्यात कारण म्हणून ‘वैयक्तिक’ असे घालते, आणि कायद्याने दिलेला हक्क अशा रीतीने बुडतो की बुडवणाऱ्याची कुठेच सही नसते. जी सही असते ती तिची.

या सगळ्या नकारांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: कामावर नसलेल्या बाईचा सहा महिन्यांचा पगार कोणी सोसायचा? प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. पण तो मालक आणि सरकार यांच्यातला आहे. तो सुटेपर्यंत बाईने थांबावे, किंवा सुटत नाही म्हणून तिने हक्क सोडावा, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. प्रत्यक्षात मात्र खर्चाची वाटणी ठरत नाही आणि त्या न ठरण्याची किंमत बाळंतीण मोजते. हक्क ही एक गोष्ट आणि त्याच्या खर्चाची वाटणी ही दुसरी. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की नकारासाठी पुढे केली जाणारी बहुतेक कारणे गळून पडतात, आणि जे आक्षेप उरतात त्यांना उत्तर देता येते.

आधी हक्क काय आहे ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्याबद्दल ऑफिसाऑफिसांत अर्धवट समजुती फिरत असतात. १९६१चा प्रसूती लाभ अधिनियम हा या विषयातला मूळ केंद्रीय कायदा. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा अधिनियम त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. नाव बदलले तरी गाभा जवळपास तोच राहिला आहे. कारखाने, खाणी, मळे, आणि दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेली दुकाने व आस्थापना यांना तो लागू आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की बाई पात्र ठरते. नोकरी कायम असली पाहिजे, प्रोबेशन संपलेले असले पाहिजे, वर्ष पूर्ण झाले पाहिजे, अशी एकही अट त्यात नाही. २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुले हयात असताना तिसरे बाळंतपण आले तर रजा १२ आठवड्यांची होते. ती कमी होते, संपत नाही, हे इथे ठासून सांगायला हवे, कारण ‘तिसऱ्याला काही नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे बरेच असतात. गर्भपात झाला तर सहा आठवडे, गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आजार उद्भवला तर आणखी एक महिना. मालकाने बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय विनामूल्य केलेली नसेल तर ३५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस. कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी सुट्टी. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा.

पैसे कधी मिळायचे हेही कायद्याने मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेली बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांच्या आत द्यायची असते. रजेची नोटीस लेखी द्यावी लागते, पण वेळेत दिली नाही म्हणून हक्क जात नाही. बाळंतपणानंतरही ती देता येते. या रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा नोकरीच्या अटी तिच्या विरुद्ध बदलणे बेकायदा आहे. गरोदरपणात काढून टाकले तरी, ती कामावर असती तर जो लाभ मिळाला असता तो द्यावाच लागतो. गंभीर गैरवर्तनाचा अपवाद आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. नेमणूक होतानाच हे हक्क लेखी कळवण्याचे बंधन २०१७पासून मालकावर आले. आणि कायद्याला छेद देणारा करार, मग तो बाईने स्वखुशीने सही केलेला का असेना, या हक्कांपुढे टिकत नाही.

खर्चाचा वाद मुंबईचा आहे आणि जुना आहे. १९१९मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेची पहिली बैठक झाली. बाळंतपणाच्या रजेविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार तिथेच झाला, आणि भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे हजर होते ना. म. जोशी. त्यांनी १९२४मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या विषयाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मग मुंबई प्रांताने स्वतःचा कायदा करायचे ठरवले आणि त्यावरच्या चर्चेत २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांच्या युक्तिवादाची मांडणी आजही लक्ष देऊन वाचण्याजोगी आहे. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण त्याच दमात त्यांनी सांगितले की म्हणून मालक मोकळा सुटत नाही. विशिष्ट उद्योगांत मालक बायकांना कामाला घेतो, कारण पुरुषांपेक्षा त्यांच्या कामातून त्याला जास्त फायदा होतो. ज्याला फायदा त्याच्यावर काही प्रमाणात जबाबदारी, हे न्यायाचेच आहे. १९२९मध्ये मुंबईचा कायदा झाला आणि देशातला या विषयाचा तो पहिला कायदा ठरला.

त्या भाषणात दोन गोष्टी एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या ठेवलेल्या दिसतात. विश्रांतीचा हक्क निर्विवाद, आणि खर्च वाटून घ्यायचा. पुढच्या काळात आपण पहिली गोष्ट कायद्यात वाढवत नेली आणि दुसरी अर्धवट सोडली. १९४८च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना, जिला सगळे ईएसआय म्हणतात, ही वाटणीचा उत्तम नमुना आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कर्मचाऱ्यासाठी मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के भरतो. त्या निधीतून आजारपण, अपघात आणि बाळंतपण असे सगळेच भागते, आणि २६ आठवड्यांचा पगार महामंडळ देते. ज्या मालकाकडे ती बाई काम करते त्याच्या खिशातून त्या वेळी वेगळे काही जात नाही. पण पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की सगळा भार एकट्या मालकावर येतो. २०१७मध्ये रजा दुपटीहून जास्त झाली तेव्हा सरकारने या गटासाठी एक रुपयाही आपल्या अंगावर घेतला नाही. हक्क वाढवणे योग्यच होते. खर्चाची व्यवस्था न करता तो वाढवणे ही चूक होती, आणि त्या चुकीचा रोष मालकांनी सरकारवर न काढता समोर बसलेल्या बाईवर काढला.

न्यायालयांपुढे आलेली प्रकरणे एका ओळीत ठेवली तर दिसते की नकाराची कारणे दर वेळी नवी असतात आणि उत्तर मात्र एकच येते. कोइम्बतूरच्या कामगार न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात मळ्याच्या मालकांचे म्हणणे होते की बारा आठवड्यांतले रविवार वजा करून फक्त कामाच्या दिवसांचे पैसे देऊ. १९७७मध्ये न्यायालयाने सांगितले की आठवडा म्हणजे सात दिवस, आणि या कायद्याचा अर्थ आईच्या आणि बाळाच्या पोषणाला पूरक असाच लावायचा. १९८१मध्ये एअर इंडियाचा पहिल्या गरोदरपणाला हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम रद्द झाला. १९९१मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका कर्मचारी बाईचे प्रकरण आले. बाळंतपणाची रजा घेतल्यानंतर, प्रोबेशनवर असतानाच, तिला काढून टाकले गेले. कारण काय, तर नेमणुकीच्या वेळी भरून दिलेल्या फॉर्ममधली माहिती खोटी होती. त्या फॉर्ममध्ये मासिक पाळी आणि आधीची गरोदरपणे यांची विचारणा होती. असले प्रश्न विचारणेच अपमानास्पद आहे असे सांगून न्यायालयाने ते रकाने काढायला लावले आणि तिला कामावर परत घ्यायला सांगितले.

कंत्राटी कामाबद्दलचे निकाल आज सर्वांत उपयोगी आहेत, कारण नोकऱ्याच तशा झाल्या आहेत. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने रस्त्याचे काम करणाऱ्या बायकांनी प्रसूती लाभ मागितला, तेव्हा पालिकेचे म्हणणे होते की या नियमित कर्मचारी नाहीत. ८ मार्च २०००च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. कायद्यात नियमित आणि रोजंदार असा भेद नाही, आणि खडी वाहणाऱ्या बाईचे शरीर गरोदरपणात काही वेगळे होत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. पुढे २०२३मध्ये दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरचा प्रश्न आला. तिची रजा १ जून २०१७पासून सुरू होत होती आणि कंत्राट ११ जूनला संपत होते, म्हणून अकरा दिवसांचाच लाभ देय आहे असे ठरवले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण लाभ द्यायला सांगितले. एकदा पात्रता पूर्ण झाली की लाभाचा काळ कंत्राटाच्या तारखेपलीकडेही जाऊ शकतो. ‘कंत्राट मार्चला संपतंय’ या वाक्याला यापेक्षा थेट उत्तर नाही.

दुसऱ्या लग्नातल्या मुलांवरून होणाऱ्या नकारांनाही अलीकडे चाप बसला आहे. विमानतळ प्राधिकरणातल्या एका कर्मचारी बाईला पहिल्या लग्नातले मूल मोजून रजा नाकारली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये तो नकार रद्द केला. तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेची पहिल्या लग्नातली दोन्ही मुले तिच्या ताब्यातही नव्हती, तरी दुसऱ्या लग्नातल्या मुलासाठी तिला रजा मिळाली नाही. २३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि प्रसूती रजा ही स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचा अविभाज्य भाग असल्याचे सांगितले. कुटुंबनियोजनाचे धोरण आणि ही रजा यांचा मेळ घालायला हवा, धोरणाच्या नावाखाली रजा गिळून टाकता येणार नाही, ही त्यामागची भूमिका.

मग इतके निकाल असताना रोजचा नकार चालतो कसा? चालतो, कारण बहुतेक जणी न्यायालयापर्यंतच काय, पहिल्या अर्जापर्यंतही पोचत नाहीत. म्हणून नकार मिळाल्यावर काय करायचे हे तपशिलात सांगणे मला निकालांच्या यादीपेक्षा महत्त्वाचे वाटते. सर्वांत आधी मागणी लेखी करावी. डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची अपेक्षित तारीख, रजा कोणत्या तारखेपासून हवी, आणि पैसे कोणाच्या नावे द्यायचे, एवढे त्यात पुरेसे आहे. ईमेल केला तर स्वतःच्या खासगी पत्त्यावरही प्रत ठेवावी, कारण नोकरी गेली की ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद होतो. कागदी अर्ज दिला तर प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावा. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून तोंडी नकार दिला तर त्याच दिवशी त्यांना दोन ओळींचा मेल करावा, की आज आपण अमुक सांगितलेत, माझी मागणी कायम आहे. तोंडी नकाराला लेखी रूप देण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग. नेमणूकपत्र, पगारपत्रके, पीएफचे पासबुक, ईएसआयचा क्रमांक, हजेरीचा काही पुरावा हे सगळे सुरुवातीलाच घरी आणून ठेवावे. ८० दिवस सिद्ध करायला तेच लागतात.

आणि राजीनामा देऊ नये. ही एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे. मालकाने काढून टाकले तर कायदा बाईच्या मागे उभा राहतो. तिने स्वतः सोडले अशी नोंद झाली तर आधी ती नोंद खोटी ठरवण्यातच वर्ष जाते. दबावाखाली सही झालीच असेल तर ताबडतोब, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, हा राजीनामा माझ्याकडून लिहून घेतला आहे आणि तो मी मागे घेत आहे असे लेखी कळवावे. विलंब जितका जास्त तितके ते पत्र दुबळे.

यानंतरची पायरी कामगार विभागाची. खासगी आस्थापनेतल्या बाईने जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जावे. लाभ अडवल्याची किंवा कामावरून काढल्याची तक्रार तिथल्या निरीक्षकाकडे करता येते, नव्या संहितेत त्याला निरीक्षक आणि सुविधाकार असे दुहेरी पद आहे. तो चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतो. लाभ नाकारल्याचा किंवा काढून टाकल्याचा आदेश हाती पडला असेल तर त्याविरुद्ध सक्षम अधिकाऱ्याकडे ६० दिवसांच्या आत अपील करायचे असते. बाळंतपणाच्या धावपळीत हे ६० दिवस कसे जातात ते कळत नाही, म्हणून घरातल्या कोणीतरी ही तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवलेली बरी. ईएसआयखाली येणाऱ्या बाईचा दावा महामंडळाच्या शाखा कार्यालयात जातो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय न्यायाधिकरण, आणि सरकारी अंगीकृत संस्थांविरुद्ध थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

वकिलाच्या फीची भीती इथे अनेकींना मागे ओढते, आणि ती अनाठायी आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला विनामूल्य कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. तिचे उत्पन्न किती हे त्यासाठी पाहिले जात नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते, आणि १५१०० हा हेल्पलाइनचा क्रमांक देशभर चालतो. तिथे वकील नेमून मिळतो, अर्ज लिहून मिळतो. चाळीस हजार पगार असलेली बँकेतली अधिकारी आणि आठ हजारांवर काम करणारी दुकानातली मुलगी या दोघींना हा दरवाजा सारखाच उघडा आहे. माझ्या मते आपल्या कायद्यांतली ही सर्वांत कमी वापरली गेलेली चांगली तरतूद असावी.

आता आक्षेप. पहिला छोट्या व्यावसायिकाचा, आणि तो मनापासून केलेला असतो. बारा माणसांच्या ऑफिसात तीस हजार पगाराची एक कर्मचारी रजेवर गेली की सहा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार रुपये काम न होता द्यायचे, वर बदली माणसाचा पगार वेगळा. मोठ्या कंपनीला हा आकडा जाणवतही नाही, छोट्याचा वर्षाचा नफा त्यात जाऊ शकतो. हे खरे आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष कोणता? रजा देऊ नये हा, की छोट्या मालकाला एकट्याने हा भार उचलायला लावू नये हा? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०००च्या करारात, म्हणजे क्रमांक १८३च्या करारात, रजा किमान १४ आठवड्यांची सांगितली आहे आणि तिचा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये, असे तत्त्व घातले आहे. आपण २६ आठवडे देऊन आठवड्यांच्या मोजणीत त्या कराराच्या कितीतरी पुढे गेलो, आणि निधीच्या बाबतीत कितीतरी मागे राहिलो. त्या कराराला भारताने मान्यताही दिलेली नाही. २०१८मध्ये कामगार मंत्रालयाकडून मालकांना सात आठवड्यांच्या पगाराची भरपाई देण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. तो प्रस्तावच राहिला. छोट्या व्यावसायिकांच्या संघटनांनी तो पुन्हा मागायला हवा, ईएसआयची पगारमर्यादा वाढवून मागायला हवी, आणि त्या मागणीत स्त्री संघटना त्यांच्या शेजारी उभ्या राहतील. गरोदर कर्मचाऱ्याला घरी पाठवून मात्र त्यांचा प्रश्न सुटत नाही, फक्त पुढच्या बाळंतपणापर्यंत लांबतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रजा जितकी मोठी तितकी बायकांना नोकरी देण्याची टाळाटाळ जास्त. मुलाखतीत ‘लग्न कधी?’, ‘पुढचा विचार काय?’ हे प्रश्न विचारले जातात ते यामुळेच. हाच आक्षेप १९२९च्या कायद्यावरही घेतला गेला होता. त्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतले बायकांचे प्रमाण घटत गेले हेही खरे. पण त्या घटीमागे बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी होती, आणि ज्या रीळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायका एकवटलेल्या होत्या तिथे आलेली नवी यंत्रे होती. सगळा दोष बाळंतपणाच्या भत्त्यावर टाकणे मालकांच्या सोयीचे होते. तरीही भरती करणाऱ्याच्या मनात हे गणित असते हे मी नाकारत नाही. ते बदलायचे दोन मार्ग दिसतात. एक वर आलाच आहे, खर्च सामाईक निधीतून. निधीत भरणा सगळ्याच कर्मचाऱ्यांमागे होत असेल, पुरुष असो वा स्त्री, तर पुरुषाला घेऊन मालकाचे काहीच वाचत नाही. दुसरा मार्ग वडिलांच्या रजेचा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी क्षेत्रात कायद्याने काहीच नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयकांचे बहुधा होते तेच त्याचे झाले. बाळ झाल्यावर पुरुषही काही आठवडे घरी राहणार हे ज्या दिवशी भरतीच्या टेबलावर गृहीत धरले जाईल, त्या दिवशी ‘पुढचा विचार काय?’ हा प्रश्न फक्त बाईला विचारण्यात अर्थ उरणार नाही.

तक्रार केली तर नाव खराब होते, त्या क्षेत्रात पुन्हा कोणी उभे करत नाही, हाही एक विचार घराघरांत ऐकू येतो, विशेषतः सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांकडून. त्यात तथ्य आहे. म्हणून तक्रार एकटीने न करता युनियन असेल तिथे युनियनमार्फत, नसेल तिथे दोन-तीन सहकाऱ्यांच्या सह्यांनी करावी, आणि पहिले पत्र शांत भाषेत, केवळ कलमांच्या आधारे लिहावे. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने पाठवलेली साधी नोटीस पुष्कळ ठिकाणी पुरते. आपण चूक करत आहोत हे एचआर विभागाला बहुधा ठाऊक असते. कोणी विचारणार नाही एवढ्याच भरवशावर ते चाललेले असते.

हे सगळे झाले त्यांच्यासाठी ज्यांना मालक आहे आणि तो दाखवता येतो. शेतावर, घरकामाला, बिगारीला जाणाऱ्या बायकांपर्यंत हा कायदा पोचत नाही. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याला हप्त्यांनी ५००० रुपये आहेत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६०००. सहा महिन्यांच्या मजुरीशी या रकमेची तुलनाही होऊ शकत नाही. महाराष्ट्रात याची सर्वांत बोचरी उदाहरणे ऊसतोडीत आहेत. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि मजुरी टनावर फिटते. काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. अशा हिशेबात गरोदरपणाला जागाच नाही, त्यामुळे भरत आलेल्या दिवसांपर्यंत बायका मोळ्या वाहतात आणि फडातल्या कोपीवर बाळंत होतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेव्हा ही मजुरीची पद्धत बाईच्या शरीराशी काय करते हे विधिमंडळासमोर आले. मालक कोण, हा प्रश्न विचारला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

पण या बायकांसाठी वाटणीचे एक सूत्र सरकारने स्वतःच ठरवून ठेवले आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच रक्कम राज्याने घालायची, असे ते सूत्र आहे. अर्धा भार उद्योगाचा, अर्धा सरकारचा. आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात जे तत्त्व मांडले त्याच्या हे अगदी जवळ जाते. या निधीतून गरोदर ऊसतोड मजुराला २६ आठवड्यांची किमान मजुरी थेट तिच्या खात्यात देता येईल. त्यासाठी कारखाना की मुकादम हा वाद मिटण्याची वाट पाहावी लागणार नाही. नोंदणी मात्र तिच्या स्वतःच्या नावाने व्हायला हवी, कारण आज ती कोयत्याचा अर्धा भाग म्हणून मोजली जाते आणि पैसे नवऱ्याच्या हाती पडतात. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. गावातली आशा कार्यकर्ती पावसाळ्यातच गरोदर बायकांची नोंद घेत असते. त्या नोंदीची एक प्रत महामंडळाकडे गेली, तर गाड्या गावातून सुटण्याआधी पहिला हप्ता देता येईल, आणि त्या वर्षी कोयत्यावर जायचे की नाही हे तिला स्वतः ठरवता येईल.